जुनं आणि नवं, एकाच मशीनवर

सास्तूर, माकणी, लोहारा, उमरगा या पट्ट्यात कॉम्प्युटरची कामं करायला लागलो तेव्हा काम सोपं होतं. बंद पडलेलं चालू करायचं आणि चहा पिऊन परत यायचं. पुढे त्याची जात बदलली. चालू आहे ते बंद पडू द्यायचं नाही आणि त्याच मशीनवर, त्याच्या शेजारी, नवं काहीतरी उभं करायचं, अशी कामं जास्त येऊ लागली. मोठ्या कंपन्या जुनी प्रणाली एका सर्व्हरवर ठेवतात, नवी दुसऱ्यावर. आमच्याकडे दुसरा सर्व्हर म्हणजे वार्षिक सभेत मंजूर करून घ्यायचा खर्च. "एक मशीन धडधाकट असताना दुसरी कशाला?" हा प्रश्न मी इतक्या चेअरमनांकडून ऐकला आहे की आता तो मला चुकीचाही वाटत नाही. त्यांच्या ठेवीदारांचे पैसे आहेत, त्यांनी विचारलंच पाहिजे.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका पतसंस्थेच्या कामाने. संस्था आमच्याच भागातली, किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षांत सुरू झालेली. तिचा सगळा कारभार फॉक्सप्रो २.६ मध्ये लिहिलेल्या एका प्रोग्रामवर चालायचा. निळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसची गरज नाही. कॅशियरची बोटं त्यावर अशी चालायची की पडद्याकडे न बघता पावती व्हायची. लिहिणारा माणूस कधीच पुण्याला निघून गेला होता आणि मूळ लिखाण कोणाकडेच नव्हतं. हातात होती फक्त चालणारी फाइल. आत काय आहे ते उघडून वाचता येत नव्हतं, बाहेरून वागणं बघून ओळखायचं. फॉक्सप्रोच्या घराण्याची नवी आवृत्ती निघणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच जाहीर केलेलं. पण मायक्रोसॉफ्टने काय जाहीर केलं याच्याशी पिग्मी भरायला आलेल्या भाजीवालीचं काही देणंघेणं नसतं.

२०१५ च्या सुमारास संस्थेने नवं, ब्राउझरमधून चालणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. त्याच वर्षी १४ जुलैला विंडोज सर्व्हर २००३ चा आधार संपत होता आणि जुनी मशीन त्यावरच होती. नव्या सॉफ्टवेअरला नवी विंडोज हवी होती. एकच नवा सर्व्हर मंजूर झाला. मला सांगितलं गेलं, "नवं चालू करा, पण जुनं बंद करू नका. निदान ऑडिट होईपर्यंत तरी नको."

इथे पहिली अडचण समजून घ्यायला हवी. आजची ६४-बिट विंडोज डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही, ती सोय तिच्यातून काढून टाकलेली आहे. म्हणजे जुना प्रोग्राम नव्या विंडोजवर नुसता कॉपी करून भागत नाही. शिवाय फॉक्सप्रो २.६ ची एक जुनी खोड आहे. सुरू होताना तो वेळ मोजण्यासाठी एक फेरा मारतो. वेगवान प्रोसेसर तो फेरा इतक्या लवकर संपवतो की हिशोबात भागायला शून्य उरतं, आणि प्रोग्राम शून्याने भागल्याची तक्रार करून जागीच मरतो. मशीन हळू आहे म्हणून बंद पडलेले प्रोग्राम मी खूप पाहिले होते. मशीन फार पळते म्हणून बंद पडलेला हा पहिला. त्यावर एक छोटी दुरुस्ती मिळते, ती बसवली की तो चालतो.

उपाय म्हणून नव्या सर्व्हरवर हायपर-व्ही लावलं आणि त्याच्या पोटात एक आभासी मशीन तयार केली. त्यात विंडोज सर्व्हर २००३ ची ३२-बिट आवृत्ती, आणि तिच्यात फॉक्सप्रो. काउंटरवरचे क्लार्क रिमोट डेस्कटॉपने आत शिरायचे आणि त्यांना तोच निळा पडदा दिसायचा. बाहेर नवी विंडोज, नवा डेटाबेस, नवं सॉफ्टवेअर. एका वाड्यातली दोन बिऱ्हाडं म्हणा, चुली वेगळ्या.

चुली वेगळ्या ठेवणं हेच खरं काम. आठवडाभरात तक्रार आली की नवं सॉफ्टवेअर दुपारी फार हळू चालतं. नव्या सॉफ्टवेअरच्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, सर्व्हर कमी पडतोय, मेमरी वाढवा. मी जाऊन बघितलं तर मेमरी निम्मी रिकामी होती, पण प्रोसेसर पूर्ण गुंतलेला. गुंतवलं होतं जुन्याने, आणि तेही काही न करता. डॉसचा प्रोग्राम कळ दाबली जाण्याची वाट बघतो तेव्हा तो झोपत नाही. "दाबली का? दाबली का?" असं सारखं विचारत राहतो. त्याच्या काळात मशीनवर तो एकटाच असायचा, म्हणून ती सवय कोणाला टोचली नाही. इथे जेवणाच्या सुट्टीत क्लार्क पडदे उघडे ठेवून उठायचे आणि प्रत्येक उघडा पडदा प्रोसेसर खात बसायचा. मी आभासी मशीनला प्रोसेसरचा ठरावीक हिस्सा बांधून दिला. त्यापलीकडे तिला मिळणारच नाही. जुनं तेवढ्यातही मजेत चाललं, कारण त्याला मुळात फारसं काही लागतच नव्हतं.

त्यानंतर मी एक नियम धरला: जुनं आणि नवं यांनी काहीही सामाईक वापरायचं नाही. फोल्डर नाही, युजर नाही, पासवर्ड नाही. बाहेरचं इंटरनेट तर जुन्याला अजिबात नाही. आधार संपलेली विंडोज इंटरनेटला जोडणं म्हणजे रोकड काउंटरवर ठेवून शटर उघडं टाकणं. जुन्यातून नव्याकडे माहिती न्यायची ती एकाच वाटेने आणि एकाच दिशेने: रात्री एक मजकुराची फाइल बाहेर पडते, नवं ती वाचतं. नव्याने जुन्यात काही लिहायचं नाही. व्यवस्थापकांना हे फार ताठर वाटायचं. "एवढी एक नोंद नव्यातून जुन्यात टाकली तर काय बिघडतं?" बिघडतं ते लगेच नाही. सहा महिन्यांनी दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत तेव्हा कोणतं खरं हे सांगायला कोणी उरत नाही.

पासबुक छापणं ही या सगळ्यातली सर्वांत कटकटीची गोष्ट होती, आणि तिच्याबद्दल कोणत्याही पुस्तकात काही नव्हतं. जुना प्रोग्राम फक्त एलपीटी-१ हा पोर्ट ओळखतो. नव्या मशीनला तो पोर्टच नाही, प्रिंटर यूएसबीवर. मग प्रिंटर नेटवर्कवर शेअर करून 'नेट यूज' या आज्ञेने एलपीटी-१ च्या नावाशी बांधायचा, म्हणजे प्रोग्रामला वाटतं आपण जुन्याच पोर्टला लिहितोय. दर वेळी कोणीतरी प्रिंटरचं नाव बदललं किंवा केबल हलवली की सकाळी फोन यायचा. ठेवीदार पासबुक भरून मिळेपर्यंत काउंटर सोडत नाहीत. लोकांचा संस्थेवरचा विश्वास ठिपक्याठिपक्यांच्या त्या अक्षरांवर उभा असतो, हे मला तिथे बसून बसून कळलं.

१ एप्रिलपासून दोन्ही प्रणाली एकत्र चालवायच्या ठरल्या. दिवसभरातली प्रत्येक नोंद दोन्हीकडे, आणि संध्याकाळी रोजकीर्द जुळवायची. क्लार्क लोकांनी पहिल्या दिवसापासून शिव्या घातल्या, त्यात गैर काही नव्हतं, काम दुप्पट होत होतं. पण ही दुप्पट मेहनतच पुढे उपयोगी पडली. पहिल्या तिमाहीला बचत खात्यांचं व्याज दोन्हीकडे वेगळं आलं. फरक खात्यामागे पैशांत, क्वचित एखादा रुपया, पण शेकडो खात्यांचा मिळून ताळेबंदात दिसण्याएवढा. नव्या कंपनीने सांगितलं की आमचं बरोबर आहे, जुन्यात गोंधळ आहे. सगळ्यांना ते पटलंही. नवं तेच बरोबर असणार, असा एक भाव आपल्याकडे असतो.

मी आणि एक जुने क्लार्क संध्याकाळी बसून काही खाती हाताने सोडवत गेलो. जुना प्रोग्राम प्रत्येक महिन्याचं व्याज पूर्ण रुपयात बसवायचा आणि पन्नास पैसे आले की ठेवीदाराच्या बाजूने वर न्यायचा. नवा पैसे तसेच धरून शेवटी एकदाच बेरीज करायचा. यात गोंधळ कुठेच नव्हता. क्लार्कना आठवलं, संस्थेच्या सुरुवातीच्या वर्षांत संचालक मंडळाने तसं ठरवलं होतं. ठराव शोधला तर कार्यवृत्त वहीत सापडलाही. म्हणजे पुण्याला गेलेल्या त्या माणसाने संस्थेचा एक निर्णय प्रोग्राममध्ये लिहून ठेवला होता, आणि वही कपाटात गेल्यावर तो निर्णय जिवंत होता तो फक्त तिथे. जुनं एका दिवसात बंद केलं असतं तर ठेवीदारांना कळलंही नसतं की त्यांच्यातल्या काहींचे पैसे पैशापैशाने कमी होतात. मंडळाने पुढे नवी पद्धतच घेतली, पण ठराव करून, फलकावर लावून.

जुन्या सॉफ्टवेअरकडे मी तेव्हापासून निराळ्या नजरेने बघतो. त्यात चुका असतातच. पण जे चूक दिसतं त्यातलं बरंच कोणाचं तरी ठरवणं असतं. सभासद क्रमांकाचंही तसंच निघालं. नव्या सॉफ्टवेअरने सगळ्यांना सरळ अनुक्रमांक दिले आणि कर्ज समिती अस्वस्थ झाली. कारण विचारलं तर कोणाला नीट सांगता येईना. एका जुन्या संचालकांनी उलगडा केला. जुन्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे गल्लीचे होते, आणि गल्ली जुन्या सास्तूरची.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी गावं जमीनदोस्त झाली त्यांत सास्तूर होतं. गाव नव्या जागी, आखलेल्या रस्त्यांवर वसलं. संस्था सुरू झाली तेव्हा सगळे नव्या जागी राहत होते, तरी क्रमांक देणाऱ्यांनी लोकांना ओळखलं ते जुन्या गल्लीवरून. कोणाचं घर कोणाच्या शेजारी होतं, कोण कोणाचा भाऊबंद, हे त्या दोन आकड्यांत होतं. कर्जाला जामीन कोण हे बघताना समिती नकळत ते वाचायची. जमिनीवर न उरलेल्या गल्ल्या एका फॉक्सप्रोच्या टेबलात नांदत होत्या, आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्यासाठी रकाना नव्हता. कंपनीला सांगून एक वेगळा रकाना करून घेतला. 'जुना क्रमांक' असं त्याला नाव दिलं, जास्त काही समजावत बसलो नाही.

नव्याने जुन्यातल्या पकडलेल्या चुकाही कमी नाहीत, नाहीतर हे जुन्याचं गुणगान होईल. जुना प्रोग्राम फक्त वय विचारायचा, जन्मतारीख नाही. नव्याला केवायसीसाठी पूर्ण तारीख हवी. ती भरायला घेतली तर सॉफ्टवेअर सारखं अडू लागलं: "हा सभासद आधीच आहे." एकच नाव, एकच आडनाव, एकच जन्मतारीख. तारीख अर्थातच १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेला तो वाढदिवस आमच्याकडे प्रत्येक घरात एक-दोन जणांचा असतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने हे कधी पाहिलं नसावं. पण त्या अडण्यातूनच काही खरोखरची दुबार खातीही सापडली, एकाच माणसाने नावाच्या दोन लिखाणांनी काढलेली. जुन्याने ती निमूट सांभाळली होती.

निमूटपणाचा याहून वाईट नमुना एका दूध संकलन केंद्राच्या कामात पाहिला. तिथे सगळं भाड्याच्या एका लिनक्स सर्व्हरवर. जुना प्रोग्राम पीएचपी ५ वर, एका हुशार पोराने नोकरी लागण्याआधी लिहिलेला. नवा, मोबाइलवर पावती पाठवणारा, पीएचपी ८ वर. दोन्ही आवृत्त्या एकाच सर्व्हरवर बसवता येतात, त्यात जादू नाही. प्रत्येकीची स्वतंत्र एफपीएम (पीएचपी चालवणारी) सेवा चालवायची, प्रत्येक साइटला आपल्या सेवेकडे वळवायचं, दोघींची कॉन्फिगरेशन वेगळी ठेवायची. जुन्यात डेटाबेसशी बोलायला वापरलेली आज्ञावली पीएचपी ७ पासून काढूनच टाकली आहे, त्यामुळे जुनं नव्यावर चालणं शक्यच नव्हतं. पुन्हा लिहून होईपर्यंत दोन्ही शेजारी ठेवणं भाग होतं.

नवा प्रोग्राम जुन्या नोंदी वाचताना मध्येच कोसळायचा. शोधलं तर काही नोंदींत एसएनएफचा (दुधातल्या फॅटखेरीज घन घटकांचा) रकाना रिकामा होता, काहींत आकडे देवनागरीत. पीएचपी ५ अशा मजकुराला निमूट शून्य धरून गुणाकार करतं. पीएचपी ८ हिशोबच नाकारतं. म्हणजे इतके दिवस अशा प्रत्येक नोंदीला एसएनएफ शून्य धरून दरपत्रकातला सगळ्यात खालचा दर लागत होता आणि पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसत होतं. दूध घालणाऱ्याला वाटायचं, आज म्हशीने पेंड कमी खाल्ली. केंद्र चालवणाऱ्याने फरकाची रक्कम पुढच्या बिलात दिली, हे त्याच्या श्रेयाचं. पण ओरडणारं सॉफ्टवेअर शांत सॉफ्टवेअरपेक्षा बरं, हे मी तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाला सांगतो आणि प्रत्येक ग्राहक मला विचारतो की ते लाल अक्षरांचं ओरडणं बंद करता येईल का.

मराठीच्या अक्षरांचा त्रास वेगळा लिहावा एवढा आहे, इथे थोडक्यात. जुन्या प्रणालींत मराठी युनिकोडमध्ये नसायचं. आत ठेवलेलं काहीतरी वेगळंच असायचं आणि ठरावीक फॉन्ट लावला की ते मराठी दिसायचं. फॉन्ट नसलेल्या मशीनवर सभासदाचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. बदलून घेणारे प्रोग्राम मिळतात, पण 'शेतकऱ्यांचा' मधला ऱ्या बहुतेकांच्या हातून निसटतो आणि 'शेतकर्यांचा' होऊन बसतो. नावांच्या यादीत तो हाताने दुरुस्त करावा लागला. यंत्राने केलेल्या कामावर गावातल्याच एका मास्तरांची नजर फिरवून घेतली, तो खर्च मी बिलात वेगळा दाखवला.

ऑडिट झालं, दुसरं वर्षही झालं, तरी पतसंस्थेतलं जुनं बंद झालं नाही. नोंदी करणं थांबलं, फक्त बघण्यासाठी उरलं. त्याचं कारण बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद. वीसेक वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कात अजून दिसतो, वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी घरच्यांच्या लक्षात येतं, आणि मग ते संस्थेच्या दारात येतात. बंद खाती नव्यात आणलेलीच नव्हती. आणायला हवी होती का? माझं मत, नको. बंद खात्यांचे तपशील नव्या साच्यात कोंबताना काही ना काही मोडतंच, आणि मोडलेली नोंद न्यायालयात दाखवायची वेळ आली तर कठीण. ती होती तशी, होती तिथे, हात न लावता ठेवावी आणि वाचायची सोय करून द्यावी.

२०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा या सोयीलाही नवं शेपूट फुटलं. नव्या सॉफ्टवेअरच्या यादीत जिल्ह्याचं नाव बदललं. जुन्यात उस्मानाबाद प्रोग्रामच्या आतच लिहिलेलं, बदलणार कोण? एवढंच नाही, काही जुन्या छापील नमुन्यांत तालुका उमरगा आहे, कारण लोहारा तालुका नंतर झाला. दाखला घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या सभासदाने कागद डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "सायब, ह्ये आपलंच गाव हाय न्हवं?" आता जुन्याच्या छापील उताऱ्याला नव्यातून एक सहपत्र जोडतात. खातं, जुना क्रमांक, जिल्हा-तालुक्याचं आजचं नाव आणि सचिवांची सही. प्रोग्रामला हात न लावता काम भागलं.

हल्ली विकास सोसायट्यांचे गटसचिवही येऊन हेच विचारतात. केंद्राने जून २०२२ मध्ये देशातल्या सुमारे ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, तेव्हापासून आमच्याकडच्या विकास सोसायट्याही एका समान सॉफ्टवेअरवर जात आहेत. त्यांचं जुनं म्हणजे बहुतेक वह्या, कुठे टॅली, कुठे एखादी एक्सेलची फाइल. एकाने विचारलं, "जुनं कधी बंद करायचं?" मी त्याला उलट विचारलं, मागच्या वर्षभरात जुन्यात बघायला कितीदा गेलात, ते लिहून ठेवलंय का? ठेवलं नव्हतं. एक वही दिली आणि सांगितलं, जुन्यात डोकावलात की तारीख आणि कारण लिहा. वर्षाने ती वही आपण दोघं बघू.

पतसंस्थेच्या सर्व्हरवरच्या विंडोजचा, म्हणजे २०१२ आर-टू चा, आधारही १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. म्हणजे २०१५ ला जे नवं होतं ते आता स्वतः जुनं. मंडळाने नवी मशीन मंजूर केली, या वेळी "कशाला" असं कोणी विचारलं नाही. आभासी मशीन म्हणजे शेवटी डिस्कवरची एक भली मोठी फाइल. ती नव्या मशीनवर कॉपी केली आणि फॉक्सप्रो पुन्हा उघडला. हायपर-व्हीच्या नव्या आवृत्तीत सर्व्हर २००३ ला अधिकृत आधार नाही, हे मी मंडळाला लेखी दिलं आहे. म्हणून त्या सगळ्या टेबलांची एक प्रत साध्या मजकुराच्या फाइलींत काढून वेगळ्या डिस्कवर कपाटात ठेवली आहे, आणि रकान्यांचे अर्थ मराठीत टाइप करून सोबत जोडले आहेत. त्यात गल्लीच्या दोन आकड्यांची यादीही आहे, जुन्या संचालकांकडून विचारून घेतलेली. तीन गल्ल्यांबद्दल त्यांच्यात अजून एकमत नाही.